मांसातली भेसळ पकडायची आहे: पट्टी, एलायझा, पीसीआर की प्रकाशाचं यंत्र?

मांसाचा अख्खा तुकडा समोर असला की जाणकार माणूस रंग, धाग्यांची जाडी, चरबीचा पोत आणि हाड बघून प्राणी ओळखतो. त्याचा खिमा केला की ही ओळख निम्मी पुसली जाते. त्यात मीठ, मसाला, स्टार्च, पाणी घालून शिजवलं की उरलेलीही जाते. भेसळ करणाऱ्याला नेमकी हीच जागा सोयीची, म्हणून ती बहुतेक वेळा खिमा, पॅटी, सॉसेज, मीटबॉल असल्या मालातच सापडते.

15 जानेवारी 2013 रोजी आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलेले निकाल अजूनही या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतात. 27 बीफ बर्गर तपासले, त्यातल्या 10 मध्ये घोड्याचा डीएनए निघाला आणि 23 मध्ये डुकराचा. या आकड्यांपेक्षा मला त्यांच्या आत दडलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. घोड्याचा डीएनए सापडलेल्या 10 पैकी 9 नमुन्यांत त्याचं प्रमाण अगदी किरकोळ होतं. दहाव्या बर्गरमध्ये मात्र घोड्याचं मांस बीफच्या तुलनेत 29 टक्के होतं. किरकोळ अंश एकाच यंत्रावर दोन प्राण्यांचं मांस दळल्याने, सुरी-पाट नीट न धुतल्यानेही येऊ शकतो. 29 टक्के अपघाताने येत नाहीत. दोन्ही नमुन्यांवर ‘पॉझिटिव्ह’ असाच शिक्का बसतो, पण एकाचा अर्थ सफाई नीट करा असा आहे आणि दुसऱ्याचा अर्थ कुणीतरी फसवतंय असा.

तुम्ही झटपट चाचणी विकत घेणार असाल तर सगळा हिशोब इथून सुरू होतो. तुम्हाला फक्त ‘आहे की नाही’ कळायला हवं आहे, की ‘किती आहे’ हेही? माल कच्चा आहे की शिजलेला? आणि नेमका कुठला प्राणी शोधायचा, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे का? या तीन उत्तरांवर निवड ठरते. चाचणीच्या वेगाचा नंबर त्यानंतर लागतो, विक्रेता कितीही त्यानेच सुरुवात करत असला तरी.

खालच्या तुलनेसाठी मी तीन नमुने डोळ्यांसमोर ठेवले आहेत: कच्च्या मांसाचा गोठवलेला ठोकळा, शिजवलेली पॅटी, आणि 121 अंशांवर दाबाखाली तापवलेला मसालेदार डबाबंद माल. प्रत्येक पद्धतीला हे तिन्ही पेलतात का, ते बघू.

पट्टी

दिसायला ही गरोदरपणाच्या घरगुती चाचणीसारखी असते आणि आतलं तंत्रही तेच आहे. सुपारीएवढा मांसाचा तुकडा पिशवीत घ्यायचा, किटसोबत आलेलं द्रावण ओतायचं, बाहेरून बोटांनी चांगलं चुरायचं, चोथा खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळीचे तीन-चार थेंब पट्टीच्या खाचेत टाकायचे. गुलाबी ओल कागदावरून हळूहळू वर चढते. त्या ओलीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांना त्या त्या प्राण्याचं प्रथिन धरणाऱ्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. प्रथिन सापडलं की टेस्टच्या जागी लाल रेष उमटते. त्याच्या वरची कंट्रोलची रेष काहीही झालं तरी उमटलीच पाहिजे. ती नसेल तर ती पट्टी फेकून द्यायची, निकाल ‘नाही’ असा लिहायचा नाही. मांस चुरण्यापासून वाचनापर्यंत अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि ते करायला प्रयोगशाळा लागत नाही.

कच्च्या ठोकळ्यासाठी पट्टीला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माल उतरवून घ्यायचा की परत पाठवायचा हे वाहन दारात उभं असतानाच ठरवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात उत्तर देणारी दुसरी स्वस्त पद्धत नाही. शेकडा एकाच्या आसपास भेसळ चांगली पट्टी कच्च्या मांसात पकडते. पैशासाठी केलेली भेसळ बहुतेक वेळा याच्या कितीतरी वर असते, कारण शेकडा अर्धा मिसळून कुणाचंच पोट भरत नाही.

पॅटीपाशी गोष्ट बिघडते. कच्च्या मांसाच्या कित्येक किट रक्तातल्या अल्ब्युमिनसारखं प्रथिन शोधतात, आणि शिजताना त्याची घडी मोडते. अंडं उकडल्यावर पांढरं होऊन गोठतं, तसंच हे. मग अँटीबॉडीला तिची ओळखीची जागाच सापडत नाही. शिजवलेल्या मालाच्या किट वेगळ्या असतात. त्या स्नायूतल्या ट्रोपोनिनसारख्या, उष्णता सोसणाऱ्या प्रथिनांवर बेतलेल्या असतात. खरेदी करताना खोक्यावर ‘कच्चं’ की ‘शिजलेलं’ हे वाचलं नाही तर पुढे महिनोन्‌महिने सगळे निकाल ‘नाही’ येत राहतील आणि सगळे खूश राहतील. डबाबंद मालासाठी मी पट्टी वापरणार नाही. इतक्या उष्णतेनंतर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणखी दोन खोडी सांगतो. पहिली, निवळीत लक्ष्य प्रथिन अतोनात असेल तर रेष गडद होण्याऐवजी फिकट होते, कधी दिसतच नाही. अँटीबॉडी दोन्ही बाजूंनी भरून जातात आणि मधला दुवा जुळत नाही. म्हणजे संपूर्ण ठोकळाच चुकीच्या प्राण्याचा असला तर पट्टी फसण्याची शक्यता असते. उपाय साधा आहे: तीच निवळी दहापट पातळ करून दुसरी पट्टी लावायची. दुसरी खोडी वाचनाच्या वेळेची. सुरुवातीच्या काळात मी एकदा पट्टी टेबलावर तशीच ठेवून फोनवर बोलत बसलो आणि चाळीस मिनिटांनी तिच्यावर पुसट राखाडी रेष बघून अख्खा लॉट अडवला. पीसीआरचा, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा, निकाल स्वच्छ आला. ती रेष पट्टी सुकल्याची होती, मांसाची नव्हती. तेव्हापासून टायमर लावल्याशिवाय मी थेंब टाकत नाही, आणि वेळ संपली की पट्टीचा फोटो काढून ती कचऱ्यात टाकतो.

जवळच्या नात्यातले प्राणी हा पट्टीचा कच्चा दुवा आहे. मेंढी आणि बकरी, गाय आणि म्हैस, घोडा आणि गाढव यांची प्रथिनं इतकी सारखी असतात की काही अँटीबॉडी दोघांनाही धरतात. किटच्या माहितीपत्रकात कुठल्या प्राण्याला चुकून प्रतिसाद मिळतो याची यादी असते. ती नसेल तर ती किट घेऊ नका.

एलायझा

पट्टीचीच थोरली बहीण. 1971 मध्ये स्वीडनमध्ये एंगव्हाल आणि पर्लमान यांनी ही पद्धत मांडली. 96 खाचांच्या प्लास्टिकच्या ताटलीत तीच अँटीबॉडी-प्रथिनाची पकड होते, फक्त रेषेऐवजी रंग येतो आणि तो रंग यंत्र मोजतं. दोन-तीन तास जातात, पण तेवढ्यात एका ताटलीत चाळीसेक नमुने प्रत्येकी दोनदा तपासून होतात.

हल्ली हिच्याबद्दल फारसं कुणी उत्साहाने बोलत नाही, ते मला पटत नाही. रोज एकाच जातीचे पन्नास-साठ नमुने येत असतील तर दर नमुन्यामागे लागणारा वेळ आणि खर्च धरता ती पट्टीला मागे टाकते, आणि तिचा निकाल कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. शिवाय सोया किंवा दुधाची प्रथिनं मांसात मिसळली आहेत का, हे बघायला एलायझाच कामाला येते. ही भेसळ पैशाची आहेच, पण ज्याला सोया किंवा दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी ती जिवावरची असते. अडचण धुण्याची. खाचा प्रत्येक टप्प्यावर सारख्या धुतल्या गेल्या नाहीत तर रंग आपल्या मनाने वर-खाली होतो. काम करणारा माणूस बदलला की निकाल बदलतो, आणि हे कळायलाही वेळ जातो.

टक्केवारीच्या बाबतीत सावध राहा. यंत्र आकडा देतं म्हणून तो मांसाचं वजन होत नाही. शिजवण्याचं तापमान, चरबीचं प्रमाण, स्नायू की अवयव, या सगळ्याने प्रथिनाचं मोजमाप हलतं.

पीसीआर

ज्या तपासणीवर शेवटी सगळे विसंबतात ती हीच. कॅरी मलिस यांना 1983 मध्ये ही कल्पना सुचली आणि 1993 मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनएच्या ठरावीक तुकड्याची प्रत्येक फेरीत दुप्पट नक्कल करायची, एवढंच. रिअल-टाइम पीसीआरमध्ये नकला वाढताना चमक वाढते आणि कितव्या फेरीत ती ठरलेली रेषा ओलांडते ते यंत्र नोंदवतं. एक नमुना 20व्या फेरीत आणि दुसरा 30व्या फेरीत वर आला तर पहिल्यात लक्ष्य डीएनए साधारण हजारपट जास्त होता, असं समजायचं.

मांसासाठी पीसीआर इतकी सोयीची का, याला दोन कारणं आहेत. एक, डीएनए प्रथिनापेक्षा उष्णता जास्त सोसतो. तो तुटतो, पण त्याचे लहान तुकडे शिल्लक राहतात. म्हणून शिजवलेल्या आणि डबाबंद मालासाठी लक्ष्य तुकडा शंभर-दीडशे अक्षरांच्या, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांच्या, आतच ठेवतात. दोन, मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांतला डीएनए. पेशीच्या केंद्रकात जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो ते हजारो. सायटोक्रोम बी सारख्या जनुकावर बेतलेली चाचणी त्यामुळे शेकडा 0.1 आणि त्याच्याही खाली सहज जाते. मेंढी-बकरी आणि गाय-म्हैस यांच्यातला फरकही इथे नीट सुटतो. आमचे तिन्ही नमुने या पद्धतीला पेलतात.

पण हाच मायटोकॉन्ड्रिया टक्केवारीत दगा देतो. हृदयाच्या स्नायूत तो खच्चून भरलेला, चरबीत जेमतेम. समजा भेसळ करणाऱ्याने हृदय मिसळलं तर चाचणी प्रमाण फुगवून सांगेल, चरबी मिसळली तर दडवेल. ‘किती’ हा प्रश्न असेल तर केंद्रकातल्या जनुकावर बेतलेली चाचणी मागा, आणि तरीही उत्तर अंदाजे आहे हे मनाशी धरा. डीएनए वजन सांगत नाही, डीएनएचं प्रमाण सांगतो. 2013 मध्ये युरोपात घोडा शोधण्यासाठी 4144 तपासण्या झाल्या, 193 पॉझिटिव्ह आल्या, आणि त्यासाठी शेकडा 1 ही सीमारेषा धरली होती. त्या रेषेमागे शहाणपण होतं. यंत्र तर शेकडा 1 च्या पुष्कळ खाली पाहू शकतं, पण खाली जे दिसतं त्यातलं बरंचसं सुरी-पाटाचं असतं. (त्याच मोहिमेत घोड्यांना देतात त्या फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकासाठी 3115 नमुने वेगळे तपासावे लागले आणि 16 मध्ये ते सापडलं. प्राणी ओळखणारी कुठलीही चाचणी औषधांबद्दल काहीच सांगत नाही, हे विसरायला होतं.)

‘झटपट’ म्हणून पीसीआर विकणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: ही दीड तासाची गोष्ट डीएनए बाहेर काढण्याचा वेळ धरून आहे का? सहसा नसते. मांस दळणं, रात्रभर नाही तरी तास-दीड तास एन्झाइममध्ये पचवणं, धुणं, शुद्ध करणं हे सगळं धरलं की अर्धा दिवस जातो. मसालेदार मालात तर हेच खरं काम. मसाल्यातली रंगद्रव्यं, मीठ, चरबी आणि कोलाजन डीएनएसोबत आले की नक्कल करणारं एन्झाइम गुदमरतं आणि निकाल ‘नाही’ येतो. भेसळ नाही म्हणून नव्हे, चाचणीच चालली नाही म्हणून. यासाठी प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल असतो. तो चमकला नाही तर त्या निकालाला काहीच किंमत नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला की मी सगळ्यात आधी ही ओळ शोधतो. ती नसेल तर फोन करून मागतो.

स्वतःच्या आवारात पीसीआर बसवायची असेल तर यंत्रापेक्षा खोल्यांचा विचार आधी करा. नमुना दळण्याची जागा, द्रावणं मिसळण्याची जागा आणि यंत्राची जागा वेगळ्या हव्यात. एकदा नकलांनी भरलेली नळी चुकीच्या जागी उघडली की पुढचे कित्येक दिवस पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येतं. ‘आयएसओ/टीएस 20224’ या मालिकेत गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी, बकरी, घोडा अशा एकेका प्राण्यासाठी रिअल-टाइम पीसीआरची पद्धत लिहून दिली आहे. प्रयोगशाळा निवडताना ती कुठली पद्धत वापरते हे विचारायला ही चांगली खूण आहे.

लॅम्प आणि आरपीए

पीसीआरला तापमान वर-खाली करणारं यंत्र लागतं. लॅम्पला नाही. 2000 मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेल्या या पद्धतीत 60 ते 65 अंशांवर एकाच तापमानाला चार ते सहा प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मिळून डीएनएच्या नकला करतात. साधा तापवणारा ठोकळा पुरतो आणि निकाल अर्ध्या ते एका तासात मिळतो. शिवाय मसाल्याची आणि चरबीची अडचण तिला पीसीआरइतकी भेडसावत नाही. आरपीए ही एकाच तापमानावर चालणारी दुसरी पद्धत त्याहून सौम्य: 37 ते 42 अंश आणि वीसेक मिनिटं, शेवटी वाटल्यास पट्टीवर वाचन.

पट्टीचा वेग आणि डीएनएची नेमकी ओळख, दोन्ही एकत्र हवं असेल तर मी लॅम्पकडे बोट दाखवेन, विशेषतः ज्याला एकच प्राणी शोधायचा आहे आणि माल शिजलेला आहे त्याला. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावतो. रंग बदलणाऱ्या लॅम्प किटमध्ये गुलाबीचा पिवळा होणं म्हणजे पॉझिटिव्ह, आणि हा बदल आम्लता वाढल्याने होतो. मांस मुळातच आम्लधर्मी, त्याचा सामू साधारण साडेपाच. घाईने काढलेली कच्ची निवळी जास्त घातली की प्रतिक्रिया सुरू व्हायच्या आधीच नळी पिवळी दिसते. म्हणून नळ्या गरम करायच्या आधी त्यांचा फोटो घ्यायचा. सुरुवातीलाच नारिंगी-पिवळी दिसणारी नळी बाद. आणि चाचणी संपल्यावर नळीचं झाकण कधीही उघडायचं नाही. लॅम्पमध्ये नकला पीसीआरपेक्षा जास्त बनतात आणि त्यातला उडालेला एक सूक्ष्म थेंब पुढच्या सगळ्या चाचण्या बिघडवतो.

प्रकाशाची यंत्रं

जवळच्या अवरक्त प्रकाशाचं हातातलं यंत्र, विखुरलेला लेसर प्रकाश वाचणारं रामन यंत्र, प्रत्येक बिंदूचा वर्णपट टिपणारा हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा. मांसावर धरायचं, काही सेकंदांत पडद्यावर उत्तर. नमुना नासत नाही, द्रावण लागत नाही, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून जाणारा प्रत्येक तुकडा तपासता येतो. प्रात्यक्षिक बघून माणूस भारावून जातो, मीही गेलो होतो.

हे यंत्र प्राणी ओळखत नाही, हे समजून घ्यायला हवं. ते प्रकाशाचा वर्णपट घेतं आणि आधी शिकवलेल्या वर्णपटांशी ताडून बघतं. पाणी, चरबी, प्रथिन यांच्या प्रमाणातला फरक त्याला दिसतो, आणि त्यावरून गणिती मॉडेल अंदाज बांधतं. मॉडेल ताज्या मांसावर शिकवलं आणि तुम्ही गोठवून वितळवलेलं दाखवलं, तर ते चुकेल. चरबी शेकडा 10 ऐवजी 20 झाली, तरी चुकेल. शेकडा पाच-दहाच्या खालची भेसळ रोजच्या कामात त्याच्याकडून खात्रीने पकडली जाईल, असं मला कुणी सांगितलं तर मी माझ्याच मालावर दाखवा म्हणेन.

तरीही एका बाबतीत ते सगळ्यांच्या पुढे आहे, आणि ती बाब लहान नाही. पट्टी, एलायझा, पीसीआर, लॅम्प या सगळ्या तुम्ही विचारलेल्याच प्राण्याबद्दल बोलतात. डुकराची चाचणी घोड्याबद्दल गप्प बसते. 2013 मध्ये घोडा इतका पसरला, याचं एक कारण गोमांसात घोडा शोधायला फारसं कुणी जातच नव्हतं. प्रकाशाचं यंत्र ‘हे कालच्यासारखं नाही’ एवढं तरी सांगतं. रोज तेच उत्पादन, तीच कृती, तोच पुरवठादार असेल, आणि मॉडेल सांभाळायला एक माणूस कायम ठेवता येणार असेल, तर ते उपयोगी राखणदार ठरतं. दर आठवड्याला कृती बदलणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

याच कुळात धूर वाचणारं मास स्पेक्ट्रोमेट्रीचं (रेणूंच्या वजनावरून ते ओळखण्याचं) तंत्रही येतं. शल्यचिकित्सेसाठी बनलेल्या विजेच्या सुरीने मांस जाळलं की निघणाऱ्या धुरातल्या चरबीच्या रेणूंवरून काही सेकंदांत ओळख पटते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या झोल्तान तकाच यांच्या कामातून हे पुढे आलं. विलक्षण आहे, पण ते खोलीभर यंत्र आहे. ते मोठ्या संशोधन केंद्रांनी घ्यावं.

कुठला प्राणी असेल याचा काहीच सुगावा नसेल तर डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून तो नोंदवलेल्या प्राण्यांच्या यादीशी ताडणं, करावं लागतं. ते झटपट नसतं. आणि जिलेटिनसारख्या पदार्थात डीएनए इतका झिजलेला असतो की तिथे पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्यांवर, चालणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीच बरी.

आकड्यांचा फास

कुठलीही पद्धत घेतली तरी दोन हिशोब चुकत नाहीत.

पहिला नमुन्यांचा. लॉटमधल्या शेकडा 5 खोक्यांत भेसळ आहे असं धरू. तुम्ही 10 खोकी उघडून तपासली, तर एखादं भेसळीचं खोकं हाती लागण्याची शक्यता फक्त 40 टक्के. 95 टक्के खात्री हवी असेल तर 59 खोकी उघडावी लागतात. भेसळ शेकडा 1 खोक्यांत असेल तर 299. शेकडा 0.01 पर्यंत पाहणारी पीसीआर तीन खोक्यांवर करण्यापेक्षा शेकडा 1 पर्यंत पाहणारी पट्टी 59 खोक्यांवर करणं मला कधीही जास्त मोलाचं वाटतं. पट्टीच्या बाजूने माझं सगळ्यात जड कारण हेच.

दुसरा खोट्या धोक्याचा. चाचणी 98 टक्के भेसळ पकडते आणि शुद्ध मालाला 98 टक्के वेळा शुद्ध म्हणते, अशी चांगली आहे असं समजा. हजार नमुन्यांत भेसळीचे खरे 10. त्यातले जवळपास सगळे सापडतील. पण उरलेल्या 990 शुद्ध नमुन्यांतलेही वीसेक पॉझिटिव्ह येतील. म्हणजे वाजलेल्या दर तीन घंटांपैकी दोन खोट्या. पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून पुरवठादाराला चोर म्हणायचं नाही. माल बाजूला ठेवायचा, त्याच पिशवीतला उरलेला नमुना दुसऱ्या तत्त्वाच्या चाचणीला पाठवायचा. प्रथिनाच्या चाचणीवर डीएनएची, डीएनएच्या चाचणीवर वेगळ्या जनुकाची. तीच पट्टी पुन्हा लावली तर तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो.

मी तुमच्या जागी असतो तर

कच्चं मांस विकत घेऊन पुढे वापरणारा असतो, तर दारात पट्टी, आणि संशय आला की बाहेरच्या प्रयोगशाळेत पीसीआर. स्वतःचं यंत्र घेतलं नसतं. पट्ट्याही एकाच प्राण्याच्या न घेता, माझ्या मालापेक्षा स्वस्त पडणाऱ्या दोन-तीन प्राण्यांच्या घेतल्या असत्या. भेसळ स्वस्ताकडून महागाकडे वाहते, हा यादी करायचा सोपा नियम आहे.

स्वतःच्या नावाने शिजवलेला माल विकणारा असतो, तर कच्च्या मालावर पट्टी ठेवून तयार मालावर लॅम्प किंवा ठरलेल्या वेळी बाहेरची पीसीआर. इथे यंत्राचे पाते आणि नळ्या धुतल्यावर शेवटच्या पाण्याचीही चाचणी केली असती, कारण लेबलवर एकच प्राणी लिहिलाय आणि यंत्रावर दोन दळले जातात, हीच सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक. श्रद्धेमुळे किंवा अ‍ॅलर्जीमुळे ज्याला एखादा प्राणी अजिबात चालत नाही, त्याला शेकडा 1 ची सीमारेषा सांगून उपयोग नाही. तिथे रेषा शून्याच्या जवळ न्यावी लागते आणि मग वेगळं यंत्र, वेगळी सुरी याला पर्याय उरत नाही.

प्रयोगशाळा चालवणारा असतो, तर रिअल-टाइम पीसीआर आणि एलायझा दोन्ही. प्रकाशाचं यंत्र मागून.

आणि काहीही घेण्याआधी विक्रेत्याच्या आकड्यांवर न थांबता स्वतः चाचणी केली असती. शुद्ध मांस आणि भेसळीचं मांस वेगवेगळं आणायचं. आधी शुद्ध दळायचं, भेसळीचं सगळ्यात शेवटी, नाहीतर यंत्रच सगळ्या नमुन्यांना डाग लावेल. 900 ग्रॅम शुद्धमध्ये 100 ग्रॅम भेसळ नीट कालवली की शेकडा 10 झालं. त्यातलं 100 ग्रॅम पुन्हा 900 ग्रॅम शुद्धमध्ये, शेकडा 1. त्यातलं अर्धं तेवढ्याच शुद्ध मांसात, शेकडा अर्धा. आपलीच कृती, आपलेच मसाले, आपल्याच भट्टीत शिजवायचं. सोबत शून्याचाही नमुना ठेवायचा. पिशव्यांवर फक्त अक्षरं लिहायची आणि त्या, रोज चाचणी करणार आहे त्याच माणसाकडे, त्याच्या नेहमीच्या पाळीत द्यायच्या. कुठली पिशवी कुठली हे त्याला सांगायचं नाही. प्रत्येक टक्क्याच्या तीन-तीन पिशव्या. ज्या टक्क्यावर त्याला तिन्ही बरोबर आल्या, तो आकडा मार्करने किटच्या खोक्यावर लिहून ठेवायचा, तारीख आणि लॉट नंबरसकट. नवा लॉट आला की पुन्हा पिशव्या भरायच्या.